खळ नसलेली चादर

रविवार, ता. ४

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मजेत. भिंगरीचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तिथेच आहे. लाँड्री भाचा बरी चालवतो, फक्त पँटला दोन-दोन घड्या पाडतो आणि गिऱ्हाइकाला फॅशन आहे म्हणून सांगतो. मी रोज सकाळी जाऊन थोडा वेळ बसतो, नाक मुरडतो आणि घरी येतो. त्याला वाटतं म्हातारा लक्ष ठेवायला येतो. खरं सांगू का, गरम इस्त्रीखाली ओल्या कापडाचा वास येतो ना, त्याच्यासाठी जातो.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं म्हणशील. पण फोनवर तू ‘बाबा, बरे आहात ना’ म्हणतेस, मी ‘बरा आहे, तू बरी ना’ म्हणतो, आणि मग भिंगरी फोन कधी हिसकावते याची दोघंही वाट बघत बसतो. कागदावर निदान मी मोकळा होतो. जुनी खोड आहे, चालवून घे.

आता मुख्य बातमी. तुझ्या लेकीला नाटकात काम मिळालंय! शाळेत सोळा तारखेला इतिहासाचा कार्यक्रम आहे, आणि त्यांच्या वर्गाच्या वाट्याला प्राचीन ग्रीस आलाय. कुणी राजा, कुणी सेनापती, कुणी दाढी लावलेला पंडित. आपली बाई पाणी भरून आणणारी. खांद्यावर सुरई घेऊन यायचं, दारापाशी थांबायचं आणि म्हणायचं, ‘दार उघडा, पाणी आणलंय.’ संपलं काम. पण त्या एका वाक्याने माझ्या नाकी नऊ आणलेत. सकाळी उठल्यापासून सुरू. कधी राणीसारखं, कधी रडत, कधी भांडायला आल्यासारखं. काल मी अंघोळीला गेलो होतो, तर बाहेरून ठकठक, ‘दार उघडा, पाणी आणलंय.’ म्हटलं, पाणी माझ्याकडे भरपूर आहे, तू टॉवेल आण!

पोशाख घरीच करायचाय. इतिहासाच्या बाईंनी चित्रासकट एक कागद दिलाय. तो बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे शिवणार कोण? मी जन्मभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले, पण बटण लावण्यापलीकडे सुई कधी हातात धरली नाही. वाचतो तर काय, शिवायचंच नाही! एक मोठं चौकोनी कापड घ्यायचं, वरचा वीतभर भाग बाहेरच्या अंगाला दुमडायचा. मग ते अंगाभोवती असं लपेटायचं की एका बगलेखाली घडी येते आणि दुसरी बाजू उघडी राहते. दोन्ही खांद्यांवर पुढचा आणि मागचा काठ एकत्र धरून टाचायचा, मधल्या फटीतून डोकं बाहेर काढायचं, कमरेला दोरी बांधायची. झाला पोशाख. ना बाही, ना कॉलर, ना काज. माझी लाँड्री तिथे आठवड्यात बसली असती.

कापड पांढरं हवं. कपाट उघडलं, तर भिंगरीने थेट खालच्या खणात हात घातला आणि तुमची ती निळ्या काठाची पांढरी चादर ओढून काढली. लग्नानंतर तुम्ही दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू ती. तो गेल्यापासून कुणी अंथरलेली नाही. बदली झाली तेव्हा तू ती बरोबर नेली नाहीस, मीही का म्हणून विचारलं नाही. मधूनमधून काढतो, धुतो, इस्त्री करतो, परत ठेवतो. भिंगरीला यातलं काय माहीत! तिचा बाप तिला फोटोतलाच. ती म्हणाली, “आजोबा, हीच घेऊ. ही कुणीच वापरत नाही.”

मी म्हटलं, आईला विचारू आधी. म्हणून विचारतो. वापरू का? नाही म्हणालीस तरी राग नाही, पडदा काढू बैठकीतला.

बाकी सुट्टीत तुझ्याकडे राहून आल्यापासून तिच्या गप्पा संपत नाहीत. तुमच्या हॉस्पिटलची गच्ची, तुझ्याबरोबरच्या नर्सबाईंची मांजर, आणि एक्स-रेच्या खोलीतले चष्मेवाले काका. त्यांनी हिला सायकल शिकवली म्हणे, आणि ही पडली तेव्हा हसले नाहीत. तुम्हा तिघांचा बागेतला फोटोही दाखवला. गृहस्थांची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती. तू मांजरीबद्दलसुद्धा सांगितलंस, यांच्याबद्दल कधी काही बोलली नाहीस, म्हणून आपलं लिहिलं. असो.

जेवणाची आबाळ करू नकोस. रात्रपाळी असली की तू नुसत्या चहावर राहतेस, मला ठाऊक आहे.

तुझे,
बाबा


सोमवार, ता. १२

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड आलं. ‘चादर वापरा, फक्त कापू नका.’ एवढंच! खाली अर्धं कार्ड कोरं होतं की गं. पण वाचून जीव भांड्यात पडला. कापणार नाही, काळजी करू नकोस. कात्री मी कपाटावर ठेवून दिली आहे, भिंगरीचा हात पोचत नाही तिथे.

आता जे घडलं ते ऐक, आणि हसायचं नाही. हस, पण मला कळवू नकोस.

मला वाटलं, पोरगी सगळ्या गावासमोर उभी राहणार, कपडा कसा हवा? लाँड्रीवाल्याची नात आहे, चादरीचा पोशाख झाला म्हणून काय झालं! शनिवारी दुकानात गेलो, भाच्याला बाजूला सारलं आणि चादरीला स्वतःच्या हाताने खळ घातली. लग्नातल्या शर्टांना घालायचो तशी, दाट. वाळवली, पाणी शिंपडलं, मोठी इस्त्री फिरवली. काय सांगू तुला, आरशासारखी चादर! चार लोक बघून गेले. भाचा म्हणाला, “मामा, ही उभी करून ठेवली तर भिंत होईल.” मला ते कौतुक वाटलं.

घरी आणून भिंगरीला गुंडाळली. बाईंच्या कागदाप्रमाणे सगळं केलं. खांद्यावर टाचण्या, त्या दिसू नयेत म्हणून वर दोन पितळी बटणं. लाँड्रीत कोटांची तुटून पडलेली बटणं आहेत ना डबाभर, त्यातली चांगली चकचकीत शोधली. कमरेला पडद्याची दोरी. आणि मागे सरकून बघतो तर काय, पोरगी कुठेच नाही! कपाट उभं आहे आणि कपाटाला डोकं आहे. हात खाली येईनात, दोन्हीकडे आडवेच. चालली तर खर्र खर्र आवाज. म्हटलं, जरा बस बघू. ती खाली बसली आणि चादर तशीच उभी राहिली. बाई आत गडप! आतून आवाज आला, “आजोबा, मी फ्रीज झाले!”

मग कागद पुन्हा वाचला. बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कापड मऊ आणि पडतं हवं, भरपूर चुण्या याव्यात. हे मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. पण हाताला माहीतच नाही गं. एवढी वर्षं लोकांच्या चुण्या काढल्या, कुणी मुद्दाम पाडायला सांगेल हे डोक्यात शिरलंच नाही.

भिंगरी त्या चादरीत ताठ उभी होती आणि एकदम म्हणाली, “आईपण अशीच होते.”

“कशी?”

“तुमचा फोन आला की.” आणि तिने तुझी नक्कल केली. पाय जुळवून, हनुवटी वर, फोन कानाला. “हो बाबा. बरं बाबा. सगळं ठीक आहे बाबा.” अगदी हुबेहूब! मी हसून हसून खुर्चीत बसलो. मग बसल्या जागी ते हसू गेलं. तुला मी कधी आवाज चढवून बोललोय का गं? मला तरी आठवत नाही. मग ताठ कशाला व्हायचं? असो.

काल खळ काढायचा कार्यक्रम झाला. मोठ्या टबात कोमट पाणी, थोडा साबण, आणि भिंगरी फ्रॉक खोचून आत नाचते आहे. बाथरूमचं तळं झालं. माझ्या मदतीला शेजारच्या शिक्षिकाबाई धावून आल्या, तर त्याही भिजल्या. पाणी बदललं, पुन्हा नाचली. हाताला चादर गुळगुळीत लागेपर्यंत आम्ही तिला सोडलं नाही. मग मी एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि उलटसुलट पीळ दिला. दोरखंडासारखा घट्ट. तसाच पिळा गुंडाळून उन्हात ठेवलाय. वाळून उलगडला की उभ्या बारीक चुण्या पडतील, असं इतिहासाच्या बाईंनी लिहिलंय. ओला कपडा पिळून न झटकता ठेवून द्यायचा! माझ्या बापाने बघितलं असतं तर दुकानातून हाकलून दिलं असतं मला.

टबात नाचता नाचता तिने मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही, साबण फार झाला म्हणून उगाच ओरडलो. ती नाचायची थांबली. मला वाईट वाटलं. प्रश्न इथे लिहीत नाही, तुझ्याबद्दलचा होता एवढंच. असो.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी आहे. रजा मिळते का बघ. घरटी दोनच खुर्च्या मिळतात. मी बाईंना गाठून तिसरी मागून घेतली आहे. कोणासाठी म्हणून विचारू नकोस. पिशवी ठेवायला.

तुझे,
बाबा


शनिवार, ता. १७

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. रजा मिळाली नाही हे तुझ्या फोनवरून कळलं. ‘हो बाबा, बरं बाबा’ झालं, आणि मीही ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मी ताठच झालो असेन इकडे. भिंगरी बघत होती.

कालचं सगळं सविस्तर लिहा म्हणालीस, तर लिहितो. मी लवकर जाऊन तिन्ही खुर्च्या धरल्या. मधल्या खुर्चीवर मी, एका बाजूला पिशवी, दुसऱ्या बाजूला छत्री. एक गृहस्थ आले, म्हणाले, “आजोबा, ही रिकामी आहे का?” मी म्हटलं, “नाही, येणार आहेत.” ते भिंतीला टेकून उभे राहिले. तू येणार नाहीस हे मला पक्कं माहीत होतं. तरी पिशवी उचलवली नाही. शेवटपर्यंत त्या खुर्च्या तशाच होत्या.

पोशाख काय झाला होता म्हणून सांगू! पिळा उलगडला आणि बघतो तर काय! वरपासून खालपर्यंत बारीक चुण्याच चुण्या. खांद्यावर दोन बटणं, कमरेला दोरी, दोरीवरून कापड जरासं वर ओढून सोडलेलं, म्हणजे पायात येत नाही. तुझा निळा काठ बरोबर घोट्यापाशी आला. मोज्यांच्या खोक्याची सोनेरी पट्टी कपाळाला बांधली. ती चालली की चादर तिच्याबरोबर चालायची आणि ती थांबली की क्षणभराने थांबायची. मी त्या चादरीवर कितीदा इस्त्री फिरवली असेल, पण ती इतकी सुंदर आहे हे मला काल कळलं.

राजा आला, पंडित आला, पंडिताची दाढी पडली, लोक हसले. मग आपली बाई खांद्यावर सुरई घेऊन आली. मधोमध पुठ्ठ्याचं दार होतं. मागे एक मुलगी उभी, तिने आतून ते ओढायचं. भिंगरी थांबली आणि खणखणीत म्हणाली, “दार उघडा, पाणी आणलंय!”

दार उघडेना. मागची मुलगी आपली आई कुठे बसलीय ते शोधण्यात गुंग. भिंगरीने पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. सभागृहात खसखस पिकली. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला. सुरई दोन्ही हातांनी धरलेली, डोळे भरलेले, खालचा ओठ पुढे आलेला. तू ओळखतेस तो ओठ. त्याचाही असाच यायचा.

मला राहवलं नाही. गुडघ्याचं भान न ठेवता उभा राहिलो आणि ओरडलो, “अगं, ढकल की! उघडंच आहे ते!”

सगळं सभागृह हसलं. तिने माझ्याकडे बघितलं, कोपराने दार ढकललं आणि ते उघडलं. आणि गेली आत, अशी ऐटीत, की राजापेक्षा टाळ्या तिला जास्त. इतिहासाच्या बाई नंतर म्हणाल्या, “आजोबा, तुमचंही काम चांगलं झालं.”

घरी येताना भिंगरीने विचारलं, “आजोबा, दार उघडंच होतं तर मी ओरडत का बसले?”

मी म्हटलं, “तुला कुणी सांगितलं नव्हतं ना, म्हणून.”

हे बोललो आणि रस्त्यातच थांबलो. ती म्हणाली, गुडघा दुखतोय का? मी म्हटलं, हो.

सूनबाई, आता ‘असो’ म्हणत नाही. टबात नाचताना तिने मला विचारलं होतं, “आईने चष्मेवाल्या काकांशी लग्न केलं तर तुम्ही रागवाल का?” म्हटलं, तुला कोण म्हणालं? तर म्हणे, काका आईला विचारत होते आणि मी तिथेच चपला घालत होते. आई म्हणाली, ‘मी बाबांना कसं सांगू? त्यांना माझ्याशिवाय आणि हिच्याशिवाय आहे कोण?’ मुलांसमोर असलं बोलू नये गं. त्यांच्या चपला घालून कधीच्या झालेल्या असतात.

मी साबणावरून ओरडलो, कारण घाबरलो. खोटं कशाला बोलू! तिचं दप्तर, तिची ठकठक, दिवसभरचं ते एक वाक्य, हे सगळं तुझ्याकडे गेलं तर घर मला खायला उठेल. तो गेला तेव्हा तू मला सांभाळलंस. मी जेवत नव्हतो तर तूही ताट बाजूला सारून बसायचीस. तू पुन्हा कुणाची झालीस तर माझी कुणी राहणार नाहीस, असं मला वाटलं. म्हाताऱ्याच्या मनात असलं काहीबाही येतं. पण म्हणून तू तिथे फोन धरून ताठ उभी राहायचं, मनातलं गिळायचं आणि ‘सगळं ठीक आहे बाबा’ म्हणायचं? नाही बाळ. ते मला नको.

मला राग नाही. वाईट वाटतं, ते त्याच्यासाठी. ते माझ्यापाशी राहील आणि तुझ्यापाशीही राहील, त्याला कुणी हात लावत नाही. पण तो गेलेला आहे. हे तुझ्या तोंडून कधी निघणार नाही. मी बाप आहे, मीच म्हणायला हवं, म्हणून म्हणतो. तुझं मन असेल तर लग्न कर. माझ्या आशीर्वादाने कर. पोरगी पडल्यावर जो हसला नाही, तो माणूस बरा असणार. त्यांना म्हणावं, कॉलरची काळजी नको. एकदा घरी या, मी बघतो तिच्याकडे.

भिंगरी सुट्टीत माझ्याकडे आली पाहिजे, ही माझी अट. तिला मी रात्रीच उत्तर देऊन टाकलं. म्हटलं, नाही रागावणार. ती म्हणाली, “मग मी आईला सांगू?” म्हटलं, थांब, मला सांगू दे, माझं काम आहे हे. तर मला म्हणते, “वाक्य पाठ करा आधी.”

या पत्राबरोबर चादर पाठवतो आहे. दोरी सोडली, टाचण्या काढल्या, तशी परत चादरच झाली. कुठे कात्री लागलेली नाही. खांद्यापाशी टाचण्यांची बारीक भोकं दिसतील, एका धुण्यात बुजतील. खळ घातलेली नाही. इस्त्रीही केलेली नाही. जन्मात पहिल्यांदा कुणाला कपडा असा चुरगळलेला पाठवतोय, दोनदा इस्त्रीकडे हात गेला माझा. तिला कपाटात ठेवू नकोस, अंथर. तुझी आहे.

आता माझं पाठ केलेलं वाक्य. ये. एकटी नको, दोघं या. उंबऱ्यावर ताठ उभी राहून ‘येऊ का बाबा’ म्हणत बसू नकोस. ढकल की, उघडंच आहे.

तुझाही बाप